दंड भरला, पण मिटलं नाही

"किती लागतील तेवढं सांगा वकीलसाहेब, मिटवून टाकूया."

बेळगावच्या कोर्टाच्या आवारात हे वाक्य मी सत्तावीस वर्षं ऐकतोय. अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे हे माझं रोजचं काम. त्यामुळे दारू पिऊन गाडी चालवणारे, त्यांचे बाप, मामा, त्यांच्यासाठी रदबदलीला येणारे गावचे पुढारी, सगळेच ओळखीचे. गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातले एक शेतकरी हेच वाक्य घेऊन आले, तेव्हा मात्र प्रकरण टेक्सासचं होतं. मुलगा इथेच इंजिनिअरिंग शिकला, तिकडे जाऊन एम.एस. केलं, एच-वन-बी व्हिसावर नोकरीला लागला. शनिवारी रात्री मित्राच्या घरून परतताना पोलिसांनी गाडी थांबवली, नळीत फुंकायला लावलं, बेड्या घातल्या. रात्र कोठडीत गेली, सकाळी जामीन झाला. कुणाला धक्का लागला नव्हता, गाडीवर ओरखडासुद्धा नव्हता. महिनाभरात अमेरिकी वकिलातीचा ईमेल आला, की तुमचा व्हिसा रद्द केला आहे. खटल्याची पहिली तारीख तोवर लागायचीच होती.

"कोर्टानं अजून काय म्हटलंच नाही," ते म्हणाले, "मग ह्यांनी शिक्षा दिली कशी?"

त्या दिवशी मला नीट सांगता आलं नाही. आमच्या कामात हा विषय येत नाही. नंतर बरंच वाचलं, तिकडे वकिली करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याला रात्री-अपरात्री फोन केले. पुढे लिहितोय ते त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. त्यातला अर्धा भाग त्यांना पटेल, अर्धा पटणार नाही.

आधी एक गोंधळ दूर करतो, कारण तो ईमेल आल्यावर घरात रडारड झाली होती आणि पोराला उद्याच विमानात बसवतील असं सगळे धरून चालले होते. व्हिसा हा आत येण्याचा पास. आत आल्यावर किती दिवस आणि कशासाठी राहायचं, हे ठरवणारा कागद वेगळा असतो. पास रद्द झाला म्हणून राहण्याचा हक्क आपोआप जात नाही. मुलगा कामावर जात राहिला, पगार होत राहिला, आजही जातो. पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं, की परत जायला नवा पास लागतो. तो मागायला गेलं, की वकिलात त्यांच्या ठरलेल्या डॉक्टरकडे पाठवते. हा माणूस व्यसनी आहे का, पुन्हा पिऊन गाडी चालवून कुणाला धोका करील का, हे तो डॉक्टर तपासतो. अहवाल विरुद्ध गेला तर आरोग्याच्या कारणावरून दार बंद. अनुकूल गेला तरी किती महिने लागतील, हे कुणी लिहून देत नाही, आणि तेवढे महिने कंपनी जागा राखून ठेवते असंही नाही.

म्हणजे शिक्षा काय झाली? तुरुंग नाही, हद्दपारी नाही. घरी यायचं नाही, एवढीच. दिवाळीच्या आधी त्या मुलाची आजी वारली. लहानपणी आई शेतावर गेली की ह्याला सांभाळणारी तीच. नदीकाठच्या स्मशानात चुलतभाऊ एका हाताने मोबाइल धरून उभा होता, रेंज जात-येत होती, आणि तिकडे पहाटे चारला हा पोरगा गाडीत बसून बघत होता. गाडीत का, तर खोलीतला जोडीदार झोपलेला. वडिलांनी मला हे सांगितलं तेव्हा एक गोष्ट तीनदा सांगितली: "त्याला गाडी बंद करून बसायला सांगितलंय मी. चालवत नव्हता तो."

आता कायद्याचं बघू. तिथलाच सर्वोच्च न्यायालयाचा २००४ सालचा निकाल आहे. जोस्यू लिओकाल नावाचा हैतीचा माणूस, १९८७ पासून अमेरिकेचा कायम रहिवासी. फ्लोरिडात दारू पिऊन गाडी चालवली, दोन माणसं जबर जखमी केली, गुन्हा कबूल केला, अडीच वर्षांची शिक्षा झाली. सरकार म्हणालं, हा हिंसेचा गुन्हा आहे, याला देशाबाहेर काढा, आणि काढलंसुद्धा. न्यायालयाने एकमताने सांगितलं, की निष्काळजीपणाने झालेला अपघात म्हणजे दुसऱ्यावर बळाचा वापर नव्हे, आणि संसदेने हिंसक गुन्हे म्हटलं तेव्हा तिच्या मनात हे नव्हतं. नुसत्या दारू पिऊन गाडी चालवण्याला नैतिक अधःपाताचा गुन्हाही तिथे साधारणपणे मानत नाहीत. परवाना निलंबित आहे हे माहीत असूनही पिऊन गाडी काढली, तर गोष्ट वेगळी.

इतकं स्वच्छ असताना त्या ईमेलला आधार कसला? आधार आहे परराष्ट्र खात्याच्या २०१५ सालच्या अंतर्गत सूचनेचा. गेल्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली असेल, तरी अधिकाऱ्याने सावधगिरी म्हणून व्हिसा रद्द करावा. दोष सिद्ध होण्याची वाट पाहू नये. अटकेच्या वेळी घेतलेले बोटांचे ठसे केंद्रीय यंत्रणेत जातात, तिथून खबर वकिलातीला. खटला पुढे फेटाळला गेला तरी रद्द झालेला पास आपोआप परत येत नाही. म्हणजे जे संसदेने लिहिलं नाही, न्यायालयाने नाकारलं, ते एका कार्यालयाने परिपत्रकाने करून टाकलं. माझा आक्षेप इथे आहे आणि एवढाच आहे.

एवढाच, हे जोर देऊन सांगतो. कारण पुढचं वाक्य ऐकून लोक गैरसमज करून घेतात: त्या मुलाबद्दल मला वाईट वाटतं, त्याच्या दारूबद्दल नाही.

माझ्या कपाटात एक फाइल आहे. उद्यमबागच्या फाउंड्रीत मोल्डिंगला असलेला माणूस, सेकंड शिफ्ट सुटल्यावर सायकलवरून घरी निघाला. मागून जीप आली. जीपवाल्याला लोकांनी धरलं तेव्हा त्याला उभं राहता येत नव्हतं, असं पाच साक्षीदार सांगतात. आपला कायदा म्हणतो, अशा माणसाला पकडल्यापासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. ह्याचं रक्त घेतलं दुसऱ्या दिवशी दुपारी. मधल्या वेळात कुणाकुणाचे फोन झाले असतील याचा अंदाज बेळगावात राहणाऱ्या कुणालाही बांधता येईल. अहवालात दारू नाही. मागे राहिलेल्या त्याच्या पत्नीला विम्याची भरपाई मिळाली, जीपवाल्याला काहीच झालं नाही. पुढच्या वर्षी तो मला एका लग्नात भेटला, नमस्कार केला, पंगतीत माझ्या समोरच बसला. अशी ती एकच फाइल नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली. त्यांत दारूने किती, हे आपल्याला कळणं शक्य नाही, कारण रक्तच वेळेवर घेतलं जात नाही.

अमेरिकेत हे प्रकरण इतकं कडक का झालं, तेही समजून घ्यायला हवं. कॅलिफोर्नियात १९८० मध्ये एका आईची तेरा वर्षांची मुलगी दारू प्यायलेल्या ड्रायव्हरने चिरडली. त्या बाई, कँडी लाइटनर, गप्प बसल्या नाहीत. त्यांनी आयांची संघटना उभी केली, राज्याराज्यांत कायदे बदलायला लावले. तरीही २०२२ साली तिथे दारूच्या अपघातांत १३ हजारांहून जास्त माणसं गेली. अशा देशाने 'एकदा चुकलं पोराचं, जाऊ दे' म्हणावं, ही अपेक्षा करायला आपण कोण?

म्हणून शिक्षा हवीच. परवाना जावा, दंड व्हावा, पुन्हा केलं तर तुरुंग व्हावा. पण ती दोष ठरल्यावर व्हावी, न्यायाधीशाने द्यावी आणि त्याच रात्री त्याच रस्त्यावर पकडलेल्या नागरिकाला मिळाली तेवढीच असावी. शेजारच्या कोठडीत बसलेला टेक्सासचा मुलगा दंड भरेल, दारूविषयीचे वर्ग करील आणि वर्षभरात विसरून जाईल. आमचा मुलगा तोच दंड भरेल, तेच वर्ग करील, आणि शिवाय आजीला मोबाइलवर पोहोचवेल.

यावर एक उत्तर नेहमी येतं, आमच्याच बार रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत आलं: पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं. बोलायला छान आहे. पण पाहुणा किती वर्षं पाहुणा असतो? नोकरीच्या वाटेने मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाच्या वाट्याला वर्षाला साधारण सात टक्क्यांहून जास्त येत नाहीत. आइसलँडला तीच मर्यादा आणि भारतालाही तीच. त्यामुळे आपली पोरं दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं रांगेत असतात. घर घेतात, कर भरतात, त्यांची मुलं जन्माने तिथली नागरिक. चहा घेऊन उठणारा तो पाहुणा. पंधरा वर्षं घरात राबणाऱ्याला आपण गडीसुद्धा म्हणत नाही, घरचाच म्हणतो. आणि रांगेच्या शेवटी नागरिकत्वाला हात पोहोचला, तरी ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या, २०१९ च्या निर्णयाने आणखी एक अडसर घालून ठेवलाय. ठरावीक काळात अशा दोन शिक्षा झालेल्या माणसाचं नैतिक चारित्र्य चांगलं नाही असंच आधी धरायचं आणि उलटं सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकायचा. दोनदा शिक्षा झालेल्याबद्दल मी भांडणार नाही. निदान तिथे कोर्टाने शिक्षा दिलेली असते.

न्यायालयाच्या देखरेखीने फरक पडतो हे २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये दिसलं. ज्यांच्यावर तिथे राहून शिकण्याचा हक्क टिकतो, त्या हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी अमेरिकेने एका झटक्यात बंद केल्या. कितीतरी जणांच्या नावापुढे कारण होतं पोलिसांकडची एखादी जुनी नोंद, कधी वाहतुकीची, कधी केव्हाच निकालात निघालेली. पोरं कोर्टात गेली, न्यायाधीशांनी सरकारला प्रश्न विचारले आणि एप्रिल संपायच्या आत सरकारने नोंदी पूर्ववत करायला घेतल्या. (कोर्टाचं एवढं कौतुक सीमाभागातला माणूस करतोय, याची मला गंमत वाटते. आमचा सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून दिल्लीत पडून आहे. तरीही दुसरी जागा सांगता येत नाही.)

कॅनडाने निराळं केलं. १८ डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा पाचावरून दहा वर्षांवर नेली आणि त्यासरशी हा गुन्हा परदेशी माणसाच्या बाबतीत गंभीर गुन्ह्यांच्या यादीत गेला. तिथल्या कायम रहिवाशालाही आता देश सोडावा लागू शकतो. कठोर आहे, पण उघड आहे. संसदेने केलं, तारीख सांगून केलं. आखाताबद्दल फार लिहीत नाही. अमिरातीत मार्च २०२५ पासून लागू झालेल्या वाहतूक कायद्यात याला तुरुंग, २० हजार ते १ लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही आहे. इथून ड्रायव्हर म्हणून गेलेल्याची परतीची वाट तिथूनच सुरू होते, आणि इंजिनिअर पोराला परवडतो तसा वकील त्याला परवडत नाही. त्याची आजी वारली तेव्हा तो घरी असतो, कारण त्याला घरीच पाठवलेलं असतं.

आता ज्या भागाबद्दल लोक माझ्यावर रागावतील, तो.

आपला मोटार वाहन कायदा घ्या. कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर दारू, की गुन्हा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ही हद्द ऐंशी आहे, एकट्या युटात पन्नास. कागदावर आपण त्यांच्या दुप्पट-अडीचपट कडक आहोत! २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर पंधरा हजार किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी संध्याकाळी चोर्ला घाटातून गोव्याहून परतणाऱ्या गाड्या बघा. धबधब्याशी थांबून बाटली उघडणाऱ्यांत कुणाच्या चेहऱ्यावर कलम १८५ दिसतं? सर्वोच्च न्यायालयाने महामार्गालगतची दारूची दुकानं हटवायला लावली, तेव्हा आमच्याकडे चर्चा झाली ती कुठला ढाबा कुठल्या बाजूने पाचशे मीटर भरतो, याची.

पकडलं गेलं तरी दहा हजार म्हणजे पावती, असं पोरांना वाटतं. हेल्मेटचा दंड पाचशे, हा थोडा मोठा. इथेच फसगत आहे. जागच्या जागी तडजोड शुल्क भरून मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत कलम १८५ नाही. प्रकरण कोर्टातच जातं. पोरगा उभा राहतो, 'कबूल आहे' म्हणतो, पैसे भरतो, गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडतो. त्याच्या लेखी मिटलं. कायद्याच्या लेखी त्याने गुन्हा कबूल केला आणि तो दोषी ठरला. पाच-सात वर्षांनी व्हिसाच्या अर्जात प्रश्न येतो, कुठल्याही गुन्ह्यासाठी तुम्हाला कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का? जगात कुठेही, कधीही. 'नाही' लिहिलं आणि नंतर सापडलं, तर मूळ गुन्ह्यापेक्षा खोटं बोलणं महागात पडतं. अमेरिका त्यासाठी कायमची बंदी घालू शकते.

सीमाभागात यावर आणखी एक थर आहे. तक्रार कन्नडमध्ये, समन्स कन्नडमध्ये, जबाब कन्नडमध्ये. बेळगाव-निपाणी-खानापूरच्या मराठी पोराला कन्नड बोलता येतं, बाजारात भाव करता येतो, शिवी तर उत्तम देता येते. पण पोलिसांनी लिहिलेला मजकूर वाचून समजणं ही वेगळी गोष्ट, आणि त्याच्या बापाला तर तेही नाही. जिथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांच्या वर आहेत तिथे महत्त्वाचे कागद त्यांच्या भाषेतही मिळावेत, असं केंद्र सरकारने १९५६ सालीच मान्य केलेलं आहे. आपण ते सातबाऱ्यासाठी, मतदार यादीसाठी, पाट्यांसाठी मागतो, आणि मागायलाच हवं. गुन्ह्याच्या कबुलीजबाबासाठी ते कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. मीही मागितलेलं नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडीया खटल्यात सांगितलं, की परदेशी आरोपीला गुन्हा कबूल करायला सांगताना त्याच्या राहण्याच्या हक्काचं काय होईल हे वकिलाने सांगितलंच पाहिजे. नाही सांगितलं तर ते वकिलाचं अपुरं काम. इथे कलम १८५ च्या रांगेत उभ्या पोराला मी किंवा माझ्या व्यवसायबंधूंपैकी कुणी कधी विचारतं का, की बाबा, तुला कधी परदेशी जायचंय का? 'कबूल म्हण, पाच मिनिटांत मोकळा होशील.' हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटलंय, त्याचा हिशेब मी मांडलेला नाही.

आणि आपल्या दारातला परदेशी? बेळगावात मलेशियाची मुलं-मुली शिकतात, केएलई ही इथली संस्था आणि मलेशियातलं सायन्स विद्यापीठ यांच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात. संध्याकाळी टिळकवाडीत, कॅम्पात दिसतात. त्यातल्या एखाद्याने उद्या पिऊन मोटरसायकल चालवली, तर त्याला आपण काय देऊ? हान्स म्युलर या जर्मन माणसाच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालीच म्हटलंय, की परदेशी माणसाला बाहेर काढण्याचा केंद्राचा अधिकार पूर्ण आणि अनिर्बंध आहे. १९३७ पासून भारतात राहिलेल्या एका बेल्जियन मिशनऱ्याला निघून जायला सांगितलं गेलं, तो कोर्टात गेला, आणि १९९१ मध्ये उत्तर तेच मिळालं: जगण्याचं संरक्षण तुम्हालाही आहे, इथे स्थायिक होण्याचा हक्क नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचे चार जुने कायदे जाऊन एकच नवा कायदा आला, पण हा अधिकार सरकारकडे आहे तसाच आहे. टेक्सासच्या ईमेलबद्दल जे मी वर बोललो, ते सगळं शब्द न बदलता त्या मलेशियन मुलाच्या बाजूनेही बोलायला हवं. खानापूरच्या त्या गृहस्थांना मी हे म्हटलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "ते खरं हाय. पण माझं पोरगं तिकडं अडकलंय."

गेल्या महिन्यात कोर्टात तिसऱ्या मजल्यावर पोरांची रांग होती, शनिवार-रविवारच्या तपासणीत सापडलेली. टोकाला एक बावीस-तेवीसचा, इस्त्रीचा शर्ट, हातात घडी घातलेला कन्नड कागद. मी सहज विचारलं, "पासपोर्ट काढलाय काय रे?"

"काढलाय की काका. जर्मनीला चाललोय, ॲडमिशन झालंय. का हो?"

कागद वाचलास का म्हटलं, तर म्हणाला, "काय वाचायचं त्यात? दहा हजार आणलेत." दोन बाटल्याच घेतल्या होत्या म्हणाला, बियरच्या, आणि घर तर शहापुरातच, पाच मिनिटांवर. त्याचा नंबर यायला अजून चार प्रकरणं होती. मी माझी बॅग खाली ठेवली, त्याला बाकावर सरकायला सांगितलं आणि तो कागद पहिल्या ओळीपासून मराठीत वाचून दाखवायला लागलो.